काय सोडलं आणि आता कोण करतं

२० फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब, आधी माफी मागतो. वही तुम्ही तीन तारखेला दिलीत आणि मी पहिलं अक्षर आज, वीस तारखेला लिहितोय. सकाळ-संध्याकाळ लिहा म्हणाला होतात. पण आधी चष्मा सापडेना, मग पेन. दोन्ही सापडले तर वही गायब. ती मबरूकाने, म्हणजे माझ्या बायकोने, गरम तव्याखाली घातली होती. पहिल्या पानावरचा गोल डाग तिचा आहे, माझा नाही. मागचे रक्तदाबाचे आकडे नझीहाने एका चिठ्ठीवर टिपून ठेवलेत, ती चिकटवतो. नझीहा माझी सून. शाळेत वरच्या वर्गांना तत्त्वज्ञान शिकवते, त्यामुळे आमच्या घरात कुठलीही गोष्ट सरळ होत नाही.

सकाळी १२८/७८. संध्याकाळी १३०/८०. लाबास.

वही कशासाठी आहे ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो, कारण तुमच्याकडे दिवसाला पन्नास माणसं येतात. सी रऊफ, म्हणजे रऊफसाहेब, ज्यांची खजुरीची बाग मी एकतीस वर्षं सांभाळतो, ते राजधानीत राहतात. गेल्या हंगामात शेजारच्या बागेत एक माणूस झाडावरून पडला आणि गेला. तेव्हापासून त्यांनी धसका घेतलाय. फोनवर म्हणाले, "बेल्गासेम, यंदा निरोगी असल्याचा दवाखान्याचा कागद आण, मगच चढ. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." मी एकाहत्तर वर्षांचा आहे. तेराव्या वर्षापासून चढतोय. इतकी वर्षं झाडाने कागद मागितला नाही.

तुम्ही मला काय विचारलंत आणि मी काय सांगितलं, तेही लिहितो, कारण तुम्ही उगाच चिडलात.

"कसं वाटतं, बेल्गासेमकाका?"

"लाबास, हम्दुल्ला."

"चढताना दम लागतो?"

"हम्दुल्ला."

"छातीत दुखतं?"

"देवाची कृपा."

"अहो, हो की नाही ते सांगा!"

"लाबास म्हटलं ना!"

तेव्हा तुम्ही पेन आपटलंत आणि म्हणालात, "आख्ख्या तोझर गावात एक माणूस आजारी नाही. मग बाहेर बाकांवर ही गर्दी कसली जमलीय, लग्नाची?" तुम्ही उत्तरेकडचे, म्हणून समजून घेतो. आमच्याकडे कोणी कसे आहात विचारलं की लाबास म्हणायचं, काही वाईट नाही. परक्यासमोर देवाच्या देण्याची कुरकुर करायची नसते. माझे वडील मरायच्या तासभर आधी हेच म्हणाले होते. तुमच्या रकान्यासाठी आम्ही रीत बदलायची काय?

२२ फेब्रुवारी

सकाळी १२६/७६. लाबास.

पुढचं डॉक्टरांसाठी नाही. हे पान फाडून टाकीन.

वैताग आलाय. यंत्राचा पट्टा दंडाला अजगरासारखा आवळतो, आणि मबरूका समोर बसून हसते. तिला हसायला काय झालं? तिची दवाखान्यातली फाईल उशीएवढी जाड आहे. साखर आहे, डावा गुडघा गेलाय, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टरांच्या पुस्तकात ती पक्की रोगी. आणि ही रोगीबाई घरात सापडत नाही! सकाळी गाढवासाठी चारा आणायला गेली ती तिकडून बहिणीकडे, तिथून कोणाच्या तरी बाळंतिणीला बघायला. पूर्वी चारा मी आणायचो. पण तिला फिरायला आवडतं, तर मी कशाला आड येऊ?

बागेत वाळक्या फांद्या छाटायचं काम चालू आहे. पलीकडच्या बागेत तिजानी. तो माझ्याहून एका वर्षाने लहान आणि दहा वर्षांनी बावळट. आमच्याकडे झाडाच्या टोकाला पोचलं की हाक द्यायची रीत आहे, "देव मोठा, मी वर आहे!" मग आसपास जो कोणी वर असेल तो उत्तर देतो. हाक थांबली तर लोक धावत बघायला येतात, त्यासाठी ती. आज तिजानीने चार वेळा हाक दिली. मी दिली नाही. हल्ली कोण हाका मारतं? खिशात फोन असतात. शिवाय वर गेलं की माझा खालचा जबडा दुखतो, दाढेमुळे. जबडा दुखत असताना माणूस ओरडेल कसा?

तिजानी खाली आल्यावर म्हणाला, "बेल्गासेम, बायकोने जीभ घरी ठेवून घेतली का रे?"

मी म्हटलं, "तुझ्यासारख्याला उत्तर द्यायला जीभ झिजवत नाही."

कॅफेत पत्ते खेळायला ये म्हणाला. नाही गेलो. स्टँडजवळचा तो कॅफे म्हणजे चढावर चढ, आणि वर पोचून मिळतो काय, तर शाईसारखा चहा. तिजानी पत्त्यांत लबाडीही करतो.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

१३०/७८. लाबास.

लहान मशिदीत नमाज पढून आलो. वरच्या मोठ्या मशिदीतला इमाम प्रवचन फार ताणतो. लहान मशिदीत भिंतीला बाक आहे आणि माणसं साधी आहेत.

जेवायला मतब्बगा होता, म्हणजे भरलेली रोटी, आतलं सारण चांगलं तिखट. तेवढ्यात नझीहा म्हणाली, "बाबा, एक विचारू? निरोगी म्हणजे काय?"

"म्हणजे आजारी नाही तो."

"आणि आजारी म्हणजे?"

"निरोगी नाही तो. जेव आता."

"हेच डॉक्टरही म्हणाले," ती म्हणाली आणि मबरूकाकडे बघून हसली. "सात वर्षं शिकून."

मग कळलं की डॉक्टर तिच्या शाळेत जाऊन आलेत. बागेत राबणाऱ्या सगळ्यांची तपासणी करायची आहे, पण जुन्या फॉर्मवर तक्रारीच्या रकान्यात सगळ्यांचं एकच उत्तर, लाबास. आता नवा फॉर्म बनवायचाय, आणि त्यासाठी डॉक्टरांना तत्त्वज्ञानाची बाई हवी आहे! गवंड्याला भिंत बांधता येईना म्हणून शिंप्याला बोलवावं, तसलाच प्रकार. मंगळवारी ते आमच्या अंगणात येणार आहेत. चहा कोण करणार? मी.

१ मार्च

१२८/८०.

आले. तीन तास बसले. मी चहा तीनदा केला, साखर संपली, शेंगदाणे संपले, आणि निरोगी म्हणजे काय ते काही ठरलं नाही. मी अंजिराच्या झाडाखाली बसून भाजीसाठी पालक निवडत होतो. बायकांचं काम आहे, पण मबरूका पाण्याच्या पाळीला बागेत गेली होती. पाळी दुपारी आली होती आणि पाटाचं दार कोणीतरी उघडायला हवं.

डॉक्टर अगदी कोवळे आहेत, दाढीसुद्धा सगळीकडे आलेली नाही. त्यांनी कागद पसरले आणि सांगितलं, "हे बघा नझीहाबाई, सोपं आहे. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख. सगळं मर्यादेत असेल तर माणूस निरोगी."

"मर्यादा कोणी ठरवली?"

"बहुतेक लोकांचे आकडे जिथे येतात त्यावरून."

"बहुतेक म्हाताऱ्यांना जवळचं वाचता येत नाही. मग वाचता न येणं म्हणजे निरोगी? आणि ज्याला येतं तो आजारी?"

डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला. जीभ भाजली बहुतेक. "बरं मग, आकडे सोडा. शरीर, मन, घरदार, सगळं पूर्ण सुखात असेल तो निरोगी."

"असा एक माणूस दाखवा. तोझरमध्ये नको, देशभरात शोधा."

"मग ज्याचं त्यालाच विचारू! ज्याला बरं वाटतं तो बरा."

"विचारा ना. ते बघा, समोर बसलेत. बाबा, कसे आहात?"

"लाबास," मी म्हटलं.

दोघं इतकी हसली की गाढव ओरडलं. मला हसण्यासारखं काय ते कळलं नाही. माणसाने सभ्यपणे उत्तर दिलं तर त्याची टिंगल करायची, हे शिकवतात वाटतं वरच्या वर्गात.

मला राग आला. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही कधी खजुरीचं झाड जवळून पाहिलंय? बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नुसते घाव असतात. दरवर्षी आम्ही फांद्या तोडतो, त्याच्या खुणा. त्याच घावांवर पाय देऊन आम्ही चढतो. घाव मोजून झाड चांगलं की वाईट कळत नाही. वाळूचं वादळ येऊ दे. त्यानंतर पंधरा दिवसांनी जाऊन बघा. मधून नवी हिरवी काडी वर आली असेल तर झाड ठीक. नाही आली, तर आधी कितीही गुबगुबीत दिसो, ते संपत आलंय."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मला विचारलंही नाही.

मग नझीहा म्हणाली, "म्हणजे प्रश्न असा, की धक्का बसल्यावर हा माणूस पुन्हा जुळवून घेतो का. हात, पाय, रक्त एकेकटं नाही, सगळा माणूस, त्याच्या कामासकट."

डॉक्टर म्हणाले, "थांबा, इथे गोची आहे. एखाद्याला दुखतं म्हणून तो चढायचं सोडतो. मग चालायचं सोडतो. आयुष्य असं आक्रसून घेतो की काही टोचतच नाही. त्याने तर फारच छान जुळवून घेतलं! जे करायचंय ते सगळं त्याला जमतं. तो तुमच्या हिशेबाने निरोगीच."

नझीहा उठून उभी राहिली. "अगदी बरोबर! म्हणून त्याला आता काय जमतं ते विचारायचंच नाही. आधी काय काय करावंसं वाटायचं, ते विचारायचं."

"आणि तो लाबास म्हणाला तर?"

"मग असं विचारू, की ज्याचं उत्तर लाबास होऊच शकत नाही."

पुढचं ऐकलं नाही. साखर आणायला कोपऱ्यावर गेलो. दुकान बंद होतं असं घरी सांगितलं. खरं तर अर्ध्या वाटेवरून परत आलो, वारा समोरून होता.

४ मार्च, शुक्रवार

१३०/८०. लाबास.

फॉर्म आला. तीन तास डोकं लावून दोनच प्रश्न! गेल्या वर्षभरात काय काय करणं सोडलंत? आणि ते आता कोण करतं? बास. यासाठी माझे शेंगदाणे संपले.

नझीहा म्हणाली, "बाबा, आधी तुमच्यावर करून बघू."

"मी काय बोकड आहे? आणि मी काही सोडलेलं नाही."

"काहीच नाही?"

"तुझ्या सासूचं ऐकणं सोडलंय, ते लिही. आता तू ऐकतेस."

तिने लिहिलं नाही. नुसती बघत राहिली. शिक्षकांची ही सवय वाईट, गप्प बसून समोरच्याला बोलायला लावतात. मला चौथीपर्यंत एक मास्तर होते, तेही असेच. मी तेव्हाही बोललो नव्हतो. माझी गादी वरून खाली आणायला सांगितली आणि विषय बदलला. गच्चीवरच्या खोलीचा जिना मोडकळीला आलाय, गवंडी येईपर्यंत खालीच झोपणं बरं. (गवंड्याला अजून सांगितलं नाही.)

तिजानीला मात्र त्या फॉर्मने वेड लावलंय. कुंपणावरून ओरडून सांगत होता, "मी सिगारेट सोडली, ती आता माझा मेव्हणा ओढतो! खरं बोलणं सोडलं, ते आता कोणीच करत नाही! लिहा म्हणावं तुझ्या सुनेला!"

७ मार्च

कागद मिळाला!

डॉक्टरांनी पुन्हा हृदयाचा आलेख काढला. मी झोपून होतो, छातीला थंड बटणं लावली होती. सरळ, सुरेख आलेख. वहीतले आकडे पाहिले, शिक्का मारला, सही केली. 'बेल्गासेम बिन अम्मार, निरोगी, उंचावरील कामास योग्य.' पुन्हा पुन्हा वाचलं. शाळेतसुद्धा माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. वही मात्र मी दाखवली नाही. मी आकडे वेगळ्या कागदावर उतरवून नेले होते.

सी रऊफना फोन केला. म्हणाले, "शाब्बास. मग सतरा तारखेला परागाचं काम सुरू कर."

घरी मात्र सुतक. मबरूकाने कागद हातात घेतला, उलटा धरला, कारण तिला वाचता येत नाही, आणि परत दिला. नझीहाने तडक दवाखान्यात फोन लावला. मी उंबऱ्यावर बसून ऐकत होतो.

"तुम्ही नवा फॉर्म भरून घेतलात का?... वरून मंजुरी नाही म्हणजे?... हो, पण हा कागद त्यांच्या रक्ताबद्दल बोलतोय, त्यांच्याबद्दल नाही... ते झोपलेले असताना आलेख काढलात ना? ते झोपून झाडावर चढणार आहेत का?"

कपाळाला हात लावला मी. जगातली सगळी माणसं सासऱ्याला कागद मिळाला तर गोड करतात.

१० मार्च

दोन दिवस शहीली वाहत होती, वाळूचा गरम वारा. सगळं घर किरकिरतंय, दातांत वाळू. आज उघडलं. यंत्र लावलं नाही, कागद मिळालाय, आता कशाला?

हेही पान फाडणार आहे.

सतराच्या आधी हात बसावा म्हणून बागेत गेलो. दारापासची तरणी खजुरी, पोरगीच म्हणायची, दोन पुरुष उंच. सातव्या खुणेवर पाय ठेवला आणि जबडा दुखायला लागला. मग डावा हात जड, छातीवर कोणी ओल्या वाळूचं पोतं ठेवावं तसं. बुंध्याला मिठी मारून उभा राहिलो. घाम बर्फासारखा. पलीकडून तिजानीने हाक दिली, "देव मोठा, मी वर आहे!" मी वर नव्हतो, खाली नव्हतो. उत्तर काय देणार?

उतरलो. खुणा नीट तासलेल्या नव्हत्या, त्यामुळे पाय बसत नव्हता. गेल्या वर्षी मीच तासल्या होत्या.

खाली बसलो होतो तर मबरूका दिसली. खांद्यावर चाऱ्याचा भारा, हातात माझा डबा. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"लाबास?" तिने विचारलं.

"लाबास," मी म्हटलं.

तिने भारा खाली टाकला, माझ्या शेजारी बसली, आणि डबा उघडून माझ्या पुढ्यात ठेवला. चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला, ही बाई मला एका शब्दाने बोलली असती तर मी भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं.

१३ मार्च

संताप आलाय. अक्षर बघा.

जेवणाच्या पाटाखाली एक कागद सापडला. तो दोन प्रश्नांचा फॉर्म. वर माझं नाव, अक्षर नझीहाचं, शब्द मबरूकाचे. माझ्या पाठीमागे दोघींनी बसून माझी झडती घेतली! पोलीससुद्धा तोंडावर घेतात. मी तो जसाच्या तसा इथे उतरवतो, म्हणजे एकेक गोष्ट खोडून काढता येईल.

'वरच्या मशिदीत शुक्रवारी जाणं. आता कोणी जात नाही. लहान मशिदीत जातो, तिथे बाक आहे.' खोटं! इमाम ताणतो.

'स्टँडवरच्या कॅफेत पत्ते. तिजानी रोज विचारतो, मी काहीतरी सांगते.' चहा वाईट आहे. वहीत आधीच लिहिलंय.

'गच्चीवरच्या खोलीत झोपणं. तिथे आता कांदे ठेवलेत.' जिना मोडकळीला आलाय.

'गाढवाचा चारा. मी आणते.' 'पाण्याची पाळी, पाटाचं दार. मी.' 'गॅसची टाकी. मी आणि नझीहा.' 'बाजारातून कोपऱ्यापलीकडचं काहीही. मी.'

इथे खोडायला पेन उचललं आणि थांबलो. मी, मी, मी. फिरायला आवडतं तिला असं मी म्हणत होतो. एक गुडघा गेलेली, एका डोळ्याने बघणारी, फाईल उशीएवढी. तिच्या नावापुढे रोगी, माझ्या नावापुढे निरोगी. आणि माझं निरोगीपण ती खांद्यावरून वाहून आणते.

पुढचं होतं, 'उभं राहून भांडणं. आता बसून भांडतो.' यावर हसू आलं. मग राग आला की हसू आलं.

शेवटची ओळ. 'झाडावरून हाक देणं. आता कोणी देत नाही.'

हे तिला कसं कळलं? मग आठवलं, आमचं घर बागेच्या कडेला आहे. एकतीस वर्षं ती चूल पेटवताना माझी हाक ऐकत आली असणार. कधी बोलली नाही. कधी थांबली तेही बोलली नाही. मी लिहिलं होतं हल्ली कोणी हाका मारत नाही, आणि त्याच पानावर लिहिलंय की तिजानीने चार वेळा मारली. माझ्याच अक्षरात. पानं उलटून बघितली तर दर पानावर असंच काहीतरी. इमाम, चहा, जिना, वारा, दाढ. दाढ तर मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकलीय.

म्हणजे कोणी फॉर्म भरायची गरज नव्हती. मी इतके दिवस तोच भरत होतो आणि वर लाबास लिहीत होतो.

१५ मार्च

डॉक्टरसाहेब, ही वही नझीहाबरोबर पाठवतोय. मधली पानं फाडायची होती. पण ही वही मधोमध तारेने शिवलेली आहे, एक पान ओढलं की पलीकडचं सुटतं, आणि आकडे त्या पलीकडच्या पानांवर आहेत. त्यामुळे सगळंच वाचा. तुमच्या दाढीबद्दल लिहिलंय ते मनावर घेऊ नका.

तुमचा कागद आत घडी करून ठेवलाय. तुम्ही तो खोटा दिला नाहीत. रक्त निरोगीच असेल. पण तो परत घ्या, निदान पुन्हा बघेपर्यंत. मी झोपलेलो असताना बघू नका. दवाखान्यामागच्या चढावर मला चालवा आणि मग विचारा.

नझीहाला मी परवा बोललो की तुझ्या तत्त्वज्ञानाने कोणाचा ताप उतरला आहे का? ती म्हणाली, "नाही बाबा. पण थर्मामीटर कुठे लावायचा ते कधीकधी कळतं." उद्धट आहे. बरोबर आहे.

आता खरी अडचण. मोठ्या खजुरीचा फुलांचा कोष काल फुटला. इतर झाडंही मागोमाग फुटतील. नर झाडाच्या फुलांचा तुरा चार-पाच दिवसांत बांधला नाही तर त्या घडाला फळ धरत नाही, मग डॉक्टर असो की तत्त्वज्ञ. परवा, गुरुवारी, काम सुरू करायचं आहे. तिजानीला मी सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं, जबडा, हात, पोतं, सगळं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "गाढवा, मला वाटत होतं तू माझ्यावर रुसलायस." मग म्हणाला, तो माझ्याही झाडांवर चढेल, मी खाली बसून तुरे फोडून काड्या निवडून द्यायच्या. कुठली काडी भरली आहे आणि कुठली पोकळ, ते माझ्याइतकं त्याला कळत नाही, हे त्याने स्वतः कबूल केलं. मबरूका तिथे होती, साक्षीदार आहे.

सी रऊफना अजून काही कळवलेलं नाही. ते दुसरा माणूस आणतील की तिजानी वर आणि मी खाली हे त्यांना चालेल, मला माहीत नाही. त्याची भीती वाटते. एकतीस वर्षांची बाग आहे. तुमचा शब्द हातात असल्याशिवाय मला फोन लावायचा धीर होत नाही. माझं काय बिघडलंय आणि ते सुधारण्यासारखं आहे का, हे दोन्ही सांगा. आकड्यांत सांगू नका. मी काय करू शकेन ते सांगा. पुन्हा त्या सातव्या खुणेच्या वर जाईन का, ते सांगा.

तुम्ही मला विचारलं होतंत, कसं वाटतं. त्याचं उत्तर राहिलं होतं. चढताना छातीवर ओझं येतं, डावा हात जड होतो, घाम फुटतो, उतरून बसलं की जातं. सहा महिने झाले. मला बरं वाटत नाही. हे लिहिताना चारदा दाराकडे पाहिलं, कोणी ऐकतंय की काय म्हणून.

लवकर कळवा. गुरुवारच्या आत. दुपारी मी बागेच्या दाराशीच असतो. निरोप द्यायला कोणी मिळालं नाही तर कुंपणापाशी येऊन हाक द्या. खालून उत्तर द्यायला मला दम लागत नाही.